घरातली साखर कमी करायची आहे? कोल्हापूरच्या एका सहा माणसांच्या घरातून

आमच्या घरात साखर कधी किलोनं मोजून आलीच नाही. अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर साखर कारखान्याचा शेअर आहे. सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते आणि दिवाळीच्या तोंडावर ती पोत्यानं घरी येते. गूळ येतो माझ्या माहेराहून. गुऱ्हाळ सुरू झालं की भाऊ गुळाच्या ढेपा आणि काकवीची बाटली पोचवतो. दोन्ही गोष्टी मायेनं आलेल्या, त्यामुळे किती संपते याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या रक्ताच्या तपासणीत एचबीएवनसी ६.२ आलं. हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देतो. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्याच आठवड्यात धाकटीची दाढ किडल्याचं दातांच्या डॉक्टरांनी दाखवलं. ती तेव्हा तिसरीत होती. एकाच घरात आजोबा आणि नात एकाच कारणानं दवाखान्यात बसलेत हे बघून मला रात्री झोप लागली नाही.

पहिल्या प्रयत्नात मी साखरेचा डबाच लपवला. चार दिवसांत घरात भांडण झालं आणि पाचव्या दिवशी नवरा कोपऱ्यावरच्या टपरीवर दोन कप जास्त प्यायला लागला. नंतर जे जमलं ते खाली क्रमानं लिहिलंय. तुम्ही नव्यानं सुरुवात करत असाल तर माझे सहा महिने तरी तुमचे वाचतील.

सुरुवातीला काय काय लागेल

- स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा, ग्रॅम दाखवणारा. नसला तर वाण्याकडून साखर तोलून आणली तरी चालेल.
- एक ठरलेला चमचा. चहाचा चमचा सपाट भरला की साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर बसते. शिगेनं भरला तर माझ्या काट्यावर ८ ग्रॅम भरली.
- एक वही आणि ओट्याजवळ दोरीनं बांधलेलं पेन.
- साखरेसाठी एका किलोचा, झाकण घट्ट बसणारा डबा.
- घरातल्या मोठ्यांचे रक्ताचे अलीकडचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी.

१. कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल तर आधी डॉक्टर

ही पायरी ओलांडून पुढं जाऊ नका. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या रोजच्या खाण्याच्या हिशेबानं ठरवलेल्या असतात. खाण्यातलं गोड एकदम तोडलं आणि औषध तेवढंच राहिलं, तर रक्तातली साखर खाली घसरू शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, धडधड, डोळ्यांपुढं अंधारी, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. म्हणून अशा माणसाच्या खिशात थोडी साखर कायम असू द्या, घरातली साखर कितीही कमी केली तरी.

तिशीच्या पुढच्या माणसांची रक्तदाब आणि साखरेची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांवर होते. घरातला निदान एक रिपोर्ट हातात घेऊन सुरुवात करा. अण्णांनी माझं बोलणं मनावर घेतलं नव्हतं, तो कागद मात्र त्यांनी तीनदा वाचला.

२. एक महिना काहीही कमी करू नका, फक्त मोजा

लोक इथंच घाई करतात. पहिल्या महिन्यात मी एकच बदल केला: पोतं माळ्यावर आणि खाली एका किलोचा डबा. डबा संपला की वहीत तारीख. गुळाची ढेप फोडली की तुकडा तोलून वहीत. बाहेरून आलेलं गोड, म्हणजे बिस्किटांचे पुडे, थंड पेयं, आईस्क्रीम, पेढ्यांचे बॉक्स, वेगळ्या पानावर.

महिन्याच्या शेवटी साखर निघाली ८ किलो आणि गूळ २ किलो. माणसं सहा, दिवस तीस. भागाकार केला तर माणशी रोज साखर ४४ ग्रॅम आणि गूळ ११ ग्रॅम, मिळून ५५. यात पाकिटातलं आणि बाहेरचं धरलेलंच नाही.

हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडा, जेवताना. कुणाचं नाव घेऊ नका. "अण्णा, तुमचाच चहा जास्त गोड" असं म्हटलं की त्या दिवसापासून अण्णा विरोधी पक्षात. आकडा सगळ्या घराचा आहे असंच बोला.

एक सापळा: महिना निवडताना लग्नसराई किंवा गौरी-गणपतीचा धरू नका. आकडा फुगतो आणि पुढच्या महिन्यात काहीच न करता कमी झाल्यासारखं वाटतं.

३. किती चालेल ते ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस अशी: दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी वाटा वरून घातलेल्या साखरेचा असावा, आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आला तर आणखी चांगलं. २००० उष्मांक खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. लहान मुलांचं एकूण खाणं कमी, म्हणून त्यांची मर्यादाही कमी.

या हिशेबात साखर, गूळ, काकवी, मध, सरबत आणि फळांचा रससुद्धा येतो. अख्खं फळ आणि साध्या दुधातली नैसर्गिक साखर यात धरत नाहीत. ही ओळ ओट्याजवळ चिकटवून ठेवा. आमच्या घरातले निम्मे वाद तिनंच मिटवले.

आम्ही ठरवलं माणशी २५ ग्रॅम, म्हणजे पाच सपाट चमचे, आणि तिथं पोचायला सहा महिने. दोन वर्षांच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याच्यासाठी वरची साखर शून्य, आणि एक वर्षाच्या आत मध तर अजिबात चाटवायचा नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळं तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. "आम्ही सगळ्यांना चाटवलाय" असं म्हणणाऱ्या आजीला हे शांतपणे सांगा, पण सांगाच.

४. चहा: सगळ्यात मोठी गळती इथं

वही बघितली तेव्हा कळलं, आठ किलोतली पाच किलोच्या वर साखर चहातच जात होती. आपलं जेवण तसं गोड नाहीच. भाकरी, झुणका, खरडा, तांबडा-पांढरा यात साखरेचा कण नसतो. कोल्हापूरच्या ताटात गोड शिरलं ते ताटाच्या बाहेरून, कपातून आणि पाकिटांतून. म्हणून जेवणाला हात लावायची गरज नव्हती, आणि घरातल्या मोठ्यांना हे पटवणं सोपं गेलं.

अण्णांचे दिवसाला चार कप, कपाला दोन सपाट चमचे. झाले ४० ग्रॅम. सहा महिन्यांत ते अर्ध्या चमच्यावर आले, म्हणजे १० ग्रॅम. एका माणसामागं एका पेयातून रोजचे ३० ग्रॅम वाचले. दुसरं काहीच केलं नसतं तरी एवढं पुष्कळ होतं.

क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा साखर पातेल्यातून बाहेर काढा. आपल्याकडं पाणी, चहापूड, साखर एकदमच उकळतात, आणि साखर डब्यातून हातानंच पडते. चहा बिनसाखरेचा करा आणि प्रत्येकानं आपापल्या कपात ठरलेल्या चमच्यानं सपाट भरून घालायची. हवी तेवढी घाला म्हणा, अडवू नका. शिगेचा चमचा सपाट झाला एवढ्यानंच आमच्याकडं पहिल्या पंधरवड्यात फरक पडला.

मग दर आठवड्याला पाव चमचा कमी. दोनवरून अर्ध्यावर यायला सहा आठवडे लागतात. कुणी तोंड वाकडं केलं तर त्या माणसाला त्याच मापावर आणखी आठवडाभर थांबू द्या, मागं मात्र येऊ नका. सासूबाई तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "अगं, ह्यो चहा हाय का काढा?" त्यांना मी तिथंच दहा दिवस थांबवलं. आता त्यांना लग्नघरातला चहा पिववत नाही, इतका गोड लागतो. जीभ बदलते, पण तिला महिना-दीड महिना द्यावा लागतो.

आलं, वेलची, गवती चहा घातला की साखर कमी असल्याचं कमी जाणवतं. चहापूड मात्र थोडी कमी करा आणि कमी वेळ उकळा. फार उकळलेला कडवट चहा असला की हात साखरेकडं जातोच. हे मला बऱ्याच उशिरा उमगलं.

सापळे तीन आहेत. कप लहान केला म्हणून कपांची संख्या वाढते, तेव्हा कप नाही तर चमचे मोजा. दुसरा, चहाबरोबरचे टोस्ट आणि क्रीमची बिस्किटं. चहातून काढलेली साखर बशीतून परत येते. आणि तिसरा, टपरीवरचा चहा. तिथं साखर आधीच उकळलेली असते. ओळखीच्या टपरीवाल्याला "भावा, एक कमी साखरेचा टाक" असं आधी सांगितलं तर बरेच जण करून देतात. आमच्या यांनी तो कप दिवसाला एकावर आणला, मित्रांसोबतचा. तो मी काढायला लावला नाही.

५. गुळाला सूट देऊ नका

हे कोल्हापुरात लिहिताना मला जपून लिहावं लागतंय, कारण गूळ आमच्या घराचं अन्न आहे. शाहूपुरीची पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माझे वडील काहिलीपुढं उभं राहून नुसत्या बुडबुड्यांवरून गूळ उतरवायची वेळ सांगायचे. या गुळाचा मला अभिमान आहे आणि तो राहणार.

पण शरीराच्या हिशेबात गूळ ही साखरच आहे. उसाचा रस आटवला की गूळ होतो, त्यात बहुतांश भाग सुक्रोजचा, म्हणजे साखरेत जे असतं त्याचाच. थोडं लोह आणि खनिजं असतात, साखरेत तीही नसतात, हे खरं. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक तर गुळात ३८० च्या आसपास. मधुमेहाच्या माणसाला "गूळ चालतो की" म्हणून दिला जातो, ते चूक आहे. लोहासाठी म्हणून गूळ खायचा तर इतका खावा लागेल की साखरेचा हिशेब पार कोलमडेल. त्यापेक्षा पालेभाज्या, नाचणी, डाळी, तीळ, मांसाहार करणाऱ्यांना मटण-कलेजी, आणि वर लिंबू पिळलेलं.

गुळाच्या चहाचं तेच. सध्या जागोजागी त्याच्या पाट्या दिसतात. गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून तो घातलाही जास्त जातो. मी काट्यावर तोलून बघितलं, साखरेच्या दोन चमच्यांऐवजी मी बारा-तेरा ग्रॅम गूळ घालत होते.

मग गूळ कुठं वापरायचा? जिथं त्याच्याच चवीला अर्थ आहे तिथं. पुरणपोळी, तिळगूळ, थंडीतली बाजरीची भाकरी-गूळ-तूप. चवीनं, तोलून, वहीत लिहून. रोजच्या चहात, दुधात, शिऱ्यात "साखरेपेक्षा बरा" म्हणून नको.

हाच नियम मध, ब्राऊन शुगर, खडीसाखर, खांडसरी आणि खजुराच्या सिरपला. नाव बदललं तरी वहीत एकाच रकान्यात.

उसाचा रस मात्र मला स्वतःला सोडायला सगळ्यात जड गेला. उन्हाळ्यात गुऱ्हाळाचा ताजा रस, लिंबू-आलं घातलेला! एका मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे माझा दिवसभराचा कोटा एका घोटात. आता आम्ही दोघांत एक पेला घेतो, आणि त्या दिवशी दुसरं गोड नाही. शेतावर गेलं तर एखादं पेर सोलून चघळतो. चावायला वेळ लागतो आणि पेल्याइतका रस पोटात जात नाही.

६. पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला धावणारा मुलगा, दुधाचा ग्लास, गव्हाची लोंबी. ते वाचू नका. मागं वळवा आणि दोनच गोष्टी बघा.

घटकांची यादी. जो घटक वजनानं जास्त तो आधी, असा नियम आहे. साखर पहिल्या तिनांत असेल तर ती मिठाई समजा, पुडा कसलाही असो. साखर वेगवेगळ्या नावांनीही येते: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, फळाच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. तीन ठिकाणी थोडी थोडी विभागली की कुठलीच पहिल्या क्रमांकावर दिसत नाही.

दुसरं, पोषणाचा तक्ता. त्यात 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' अशा ओळी असतात. आपल्याला हवी ती 'ॲडेड'ची. आकडा १०० ग्रॅममागचा बघा. काही पाकिटांवर एका वाढपाचा आकडा ठळक असतो आणि ते वाढप दोन बिस्किटांचं असतं. पाच ग्रॅम म्हणजे एक चमचा, एवढं ध्यानात ठेवलं तर दुकानात उभ्या उभ्या हिशेब होतो.

आमच्या घरात दुधात घालायच्या पावडरीचा डबा होता. "वाढत्या मुलांसाठी" म्हणून मीच आणायचे. मागं बघितलं तर १०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम वरून घातलेली साखर. आणि त्या दुधात मी आणखी एक चमचा साखर घालत होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं. मी ती बातमी घरात मोठ्यानं वाचून दाखवली होती.

टोमॅटो सॉस, नाश्त्याचे गोड फ्लेक्स, फळांचं दही, सरबताचे क्रश, तयार सूप यांचीही मागची बाजू बघा. तिखट-आंबट लागतं म्हणून साखर नसेल असं धरू नका. आमच्या सॉसच्या बाटलीत जवळजवळ चौथा हिस्सा साखर निघाली.

'शुगर-फ्री'च्या गोळ्यांबद्दल विचारणारे बरेच भेटतात. वजन कमी राखण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी ती नव्हती, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, कारण जिभेची गोडाची सवय त्यानं तशीच राहते.

७. मुलं

मुलांना हिशेबात सामील करा. थोरल्याला मी पाकिटं वाचायचं काम दिलं. आठवीतल्या मुलाला टक्केवारी येते, फक्त ती कुणी विचारत नाही. ३०० मिलीच्या कोलाच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, हे त्यानं चमच्यानं वाटीत काढून दाखवलं. सहा-सात चमच्यांची ती वाटी दिवसभर टेबलावर होती. त्यानंतर घरात थंड पेयाची मोठी बाटली मागवली गेली नाही. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. तुमच्या मुलांच्या शाळेत असा फलक असेल तर त्यावरून घरात बोला, नसेल तर घरच्या फ्रिजवर लावा.

दूध. पावडरीचा चमचा दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत सोडवला. आपल्याकडं दुधाची चैन आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून मिळणारं म्हशीचं दूध कोमट प्यायलं तर त्याला स्वतःचीच गोडी असते. मुलांना मात्र उकळूनच द्या. धाकटीला महिनाभर वेलची किंवा किंचित हळद घालून दिलं, मग साधं. रात्रीचं दूध पिऊन झालं की दात घासायचे, त्यात तडजोड नाही. झोपेत लाळ कमी सुटते, दातांवर राहिलेली साखर तशीच राहते आणि कीड लागते.

शाळेतून आल्यावरची भूक फार जोरदार असते, आणि तेव्हा जे हाताशी असेल ते पोटात जातं. म्हणून पाच वाजायच्या आत ताटली तयार ठेवा: फुटाणे-शेंगदाणे, उकडलेलं अंडं, थालीपीठ आणि दही, केळं, पेरूच्या फोडी, मटकीची उसळ. भडंगही चालतं, पण मीठ-तेल असतं म्हणून मूठभर. फळ कापून ठेवलं तर खाल्लं जातं, टोपलीत अख्खं ठेवलं तर सुकतं. रस काढून देऊ नका, चोथा गेला की उरतं ते गोड पाणी.

गोड हे बक्षीस करू नका. "भाजी संपव, मग चॉकलेट" म्हटलं की भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट सोन्याचं. पूर्ण बंदीही घालू नका. आमच्याकडं रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर गेलं की एक गोष्ट, मुलांनी निवडलेली. आईस्क्रीम असेल तर आईस्क्रीम. त्यावर उपदेश नाही.

८. सण, पाहुणे आणि "एवढ्यानं काय हुतंय"

वहीत बघा, सणांपेक्षा सणांच्या आसपासचे दिवस जास्त खातात. होळीची पुरणपोळी एका दुपारची असते, उरलेलं पुरण तीन दिवस चालतं. दिवाळीचे लाडू चार दिवसांचे, डबा महिनाभर उघडतो. म्हणून सण पूर्ण साजरा करा, प्रमाण कमी करा आणि उरलेलं दुसऱ्याच दिवशी वाटून टाका.

काय कमी होतं आणि काय होत नाही हे मी करून, बिघडवून शिकले.

पुरणात डाळीच्या बरोबरीनं गूळ घालायची आमची पद्धत होती. आता एक वाटी डाळीला पाऊण वाटी. जायफळ-वेलची आणि चिमूटभर मीठ घातलं की कुणाला कळत नाही. पुरण उलट घट्ट होतं आणि पोळी फुटत नाही. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर पाव हिस्सा कमी केली तरी चालते, बेसन मात्र खमंग भाजायला हवं. खीर, शिरा, शेवया यांतही सहज कमी होते. शेवयांच्या खिरीत दूध जरा आटवा, गोडी आपोआप वाढते.

पाकातल्या रव्याच्या लाडवांत कमी करू नका, वळले जात नाहीत. तिळाच्या लाडूत-वडीत गूळच बांधून धरतो. मोरांबा, जॅम, सरबताचा अर्क यांत साखर टिकवण्याचं काम करते, कमी केली तर बुरशी येते. माझी मोरांब्याची अख्खी बरणी अशीच गेली. या पदार्थांत साखर तीच ठेवा आणि आकार लहान करा. आमचा तिळाचा लाडू आता सुपारीएवढा असतो.

आता पाहुणे. कुणाच्या घरी गेलो आणि चहा-पोहे-पेढा घेतला नाही तर आपल्याकडं माणूस दुखावतं. "वैनी, एक घ्या की वो, एवढ्यानं काय हुतंय?" यावर आजाराचं कारण सांगू नका, त्यातून अर्धा तास औषधांची चर्चा निघते. मी म्हणते, "काकी, पेढा घरी नेते, पोरांना अर्धा अर्धा देते. तुमचे पोहे मात्र आणखी घालाच." मान राहतो, मायाही राहते. देवीचा प्रसाद किंवा जोतिबाचा पेढा असेल तर चिमूटभर तोंडात टाकायचा आणि पुढं वाटायचा. प्रसादाला नाही म्हणायची वेळच येत नाही.

आपल्या घरी पाहुणे आले तर उलटं. फिका चहा पुढं ठेवला तर तो अपमान समजतात. म्हणून "साखर किती घालू?" असं विचारा आणि साखरेची वाटी ट्रेमध्ये द्या. विचारायला लागल्यापासून मला कळलं की बरेच पाहुणे अर्धाच चमचा मागतात. ते इतकी वर्षं आमच्यासाठी गोड पीत होते.

९. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या महिन्यासारखंच, किलोचा डबा आणि तारीख. आमचा तिसऱ्या महिन्याचा आकडा होता साखर ५ किलो, गूळ दीड. सहाव्या महिन्यात साखर ३ किलो आणि गूळ १ किलो, म्हणजे माणशी रोज जेमतेम २२ ग्रॅम. मधल्या दिवाळीत आकडा परत सहावर गेला होता. त्या महिन्याचं पान फाडू नका, आणि घरात कुणाला बोलूही नका. पुढच्या महिन्यात परत चहापासून सुरू.

अण्णांचं एचबीएवनसी सहा महिन्यांनी ५.८ आलं. ते रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारायला लागले होते आणि रात्रीचा भातही कमी केला होता, त्यामुळं सगळं श्रेय साखरेला देता येणार नाही. तपासणी दर सहा महिन्यांनी चालूच आहे. धाकटीच्या दातात नवी कीड नाही.

राहता राहिलं पोतं. यंदा दिवाळीला सभासद-साखर घ्यायची की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अण्णा म्हणाले, "हक्काची साखर हाय, सोडायची न्हाई." मग आम्ही ती आणली आणि घरासाठी बारा किलो काढून डब्यांत भरली, म्हणजे चार महिन्यांची सोय. उरलेली शेजारच्या दोन घरांना त्यांच्या लेकींच्या लग्नासाठी कारखान्याच्याच दरानं दिली. पोतं धुऊन वाळवलं, त्यात आता शेंगा आहेत.